मुंबईतील बी.डी.डी. चाळी

बी.डी.डी. चाळी ह्या मुंबईतील वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (पूर्वीचा डिलाइल रोड) आणि शिवडी येथे १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या कामगार-चाळी होत. 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' ह्या खात्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना हे नाव मिळाले. बांधलेल्या चाळींची एकूण संख्या २०७ असून त्यांपैकी १२१ वरळीस, ४२ नायगावास, ३२ ना. म. जोशी मार्गावर आणि १२ शिवडीस होत्या. गिरणगावातील कामगारवर्गाचे, विशेषतः दलित व पुढे बौद्ध झालेल्या समाजाचे, हे मुंबईतील एक प्रमुख वसतिस्थान होते. दलित पँथरच्या इतिहासातील १९७४ ची वरळीची दंगल ह्याच चाळींत घडली. २०१७ पासून शिवडी वगळता उर्वरित तीन ठिकाणच्या चाळी पाडून त्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

पार्श्वभूमी : प्लेग आणि पाडापाडी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. साथीने हजारो माणसे दगावली, त्याहून कितीतरी अधिक शहर सोडून पळाली आणि गिरण्या व बंदर ओस पडले. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या व तुंबलेली गटारे हेच रोगाचे मूळ, असे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ठरविले. त्यातून १८९८ च्या कायद्याने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. नव्या रस्त्यांची आखणी, अनारोग्यकारक वस्त्यांचे उच्चाटन आणि गरिबांसाठी घरे अशी तिची तीन कामे होती.

पहिली दोन कामे ट्रस्टने झपाट्याने केली. नागपाड्याची जुनी वस्ती पाडून तेथे चौकोनी आखणी करण्यात आली. समुद्राकडचा वारा शहराच्या पोटात यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाट मोहल्ल्यांतून काढले गेले. तिसऱ्या कामाची गती मात्र मंद राहिली. पाडलेल्या घरांचा मोबदला घरमालकांना मिळे. भाडेकरू खोली गमावून बसे आणि त्याच्या हाती काही पडत नसे. कामाच्या ठिकाणापासून दूर जाणे परवडत नसल्याने तो शेजारच्याच आळीत, आधीच भरलेल्या खोलीत, आणखी एका कुटुंबाची भर घाली. एका वस्तीची दाटी मोडताना दुसरीची वाढत गेली. १९०९ पासून ट्रस्टचे अध्यक्ष असलेल्या जे. पी. ऑर ह्यांनी इमारतीच्या खिडकीपुढे साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात आकाश मोकळे असावे, असा नियम रूढ केला. मुंबईच्या बांधकाम-नियमांवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. उजेड आणि हवा मोजण्याचे माप असे मिळाले. उठवलेली माणसे कोठे गेली हे मोजण्याचे माप मात्र कोणत्याच योजनेत नव्हते.

ट्रस्टने बांधलेल्या चाळी 'बी.आय.टी. चाळी' म्हणून ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ ह्या काळात राहत होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हाही त्यांचे बिऱ्हाड परळलाच होते. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' ह्या स्वतःच्या घरात गेले. ही कॉलनी ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतील होय. मध्यमवर्गासाठी प्रशस्त भूखंडांच्या वसाहती आणि कामगारांसाठी एकखोली चाळी, असे ट्रस्टच्या कामाचे दोन चेहरे एकाच व्यक्तीच्या चरित्रात दिसतात. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला.

बांधणी

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची टंचाई तीव्र झाली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनी १९२० मध्ये विकास खाते स्थापन केले. बॅकबे येथील समुद्र भरून जमीन मिळविणे आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणे ह्या दोन महत्त्वाकांक्षी योजना त्याच्याकडे होत्या. चाळींचा खर्च अंशतः भागविण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविण्यात आला. बॅकबे योजना खर्च व गैरव्यवहाराच्या आरोपांनी गाजली. खुर्शीद फ्रामजी नरिमन ह्यांनी तिच्यावर सातत्याने हल्ला चढविला. चाळींची योजनाही निम्म्याहून पुष्कळ आधीच थांबली. २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यांत सुमारे साडेसोळा हजार खोल्या होत्या.

प्रत्येक चाळ तळमजला व त्यावर तीन मजले अशी असून सामान्यतः एका मजल्यावर २० व एका चाळीत ८० खोल्या असतात. मध्ये लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारे अशी रचना आहे. गिरगावातील लाकडी सज्जांच्या चाळींहून ती निराळी आहे. खोली सुमारे १६० चौरस फुटांची असून आत एक मोरी असते. शौचालये प्रत्येक मजल्यावर सामाईक आहेत. बांधकाम लोखंडी सळ्या व सिमेंट-काँक्रीटचे आहे. कामगारवस्तीसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर काँक्रीट वापरण्याचा हा देशातील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय.

प्रारंभी ह्या चाळींना कामगारांनी पाठ दाखविली. वरळी त्या वेळी शहराच्या कडेला होती, तेथून गिरणीपर्यंतची पायपीट लांब होती आणि भाडे परवडणारे नव्हते. अनेक वर्षे कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. ह्या इमारती मुळात तुरुंग म्हणूनच बांधल्या गेल्या होत्या, अशी जी समजूत आढळते तिचे मूळ ह्याच घटनेत असावे. खात्याच्या योजनेत त्या पहिल्यापासून कामगारांची निवासस्थाने होत्या.

वस्तीची घडण

भाडे उतरले, शहर उत्तरेकडे सरकले आणि चाळी भरत गेल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर, नाशिक अशा जिल्ह्यांतून आलेले गिरणी कामगार, गोदी व रेल्वेतील मजूर, महापालिकेचे कर्मचारी आणि पोलीस शिपाई येथे राहू लागले. कोकणातील अनेक गावांनी एकेक खोली 'गावकीची खोली' म्हणून धरली. कुटुंब गावी ठेवून आलेले पुरुष पाळीपाळीने तेथे झोपत. एकाची रात्रपाळी संपे त्या वेळी दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जाई. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया करीत. गिरणगावाच्या अर्थव्यवस्थेचा हा कणा होता, परंतु तो कोणत्याही भाडेपावतीवर दिसत नाही.

खासगी चाळींत अस्पृश्य समाजाला खोली मिळणे अवघड होते. मालक थेट नकार देत, किंवा शेजारी तक्रार करीत. सरकारी चाळीत, तत्त्वतः तरी, भाडे भरणाऱ्यास जागा नाकारता येत नव्हती. परिणामी बी.आय.टी. व बी.डी.डी. चाळींत दलित कुटुंबांची मोठी संख्या एकवटली. तरीही चाळ सरकारी झाली म्हणून वस्तीतील सीमारेषा पुसल्या गेल्या नाहीत. कोणत्या चाळीत कोणाची वस्ती जास्त हे रहिवाशांना क्रमांकावरून ठाऊक असे. खेड्यातील वेशीबाहेरचा वाडा येथे चाळीच्या क्रमांकात रूपांतरित झाला, असे म्हणता येईल.

ह्या एकवटण्याला दुसरी बाजूही होती. हजारो कुटुंबे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळे संघटन सोपे झाले. रात्रीच्या सभा, समता सैनिक दलाच्या कवायती, वाचनालये, भजनी मंडळे, कलापथके आणि व्यायामशाळा ह्यांना चाळींमधील मोकळ्या जागा व मैदाने मिळाली. ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर चाळींच्या आवारांत बुद्धविहार उभे राहिले आणि १४ एप्रिलची जयंती हा वर्षातील सर्वांत मोठा सार्वजनिक उत्सव ठरला. दलित साहित्याच्या पहिल्या पिढीचे मुंबईशी असलेले नाते अशाच कामगारवस्त्यांतून घडले. नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेले बाबूराव बागूल लहानपणी मुंबईत आले ते माटुंगा लेबर कॅम्पात. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातच व्यक्त झालेला, जात लपवून खोली मिळविण्याचा प्रश्न ज्यांना पडत असे, त्यांच्यासाठी सरकारी चाळीतील स्वतःच्या नावाची भाडेपावती ही केवळ निवाऱ्याची सोय नव्हती.

१९७४ ची दंगल

दलित पँथर ही संघटना १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी मुंबईत उभी केली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले होते. ही अमेरिकी संघटना १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झाली. तिच्या आसपासच्याच काळात ओकलंडच्या पश्चिम भागातील कृष्णवर्णीय वस्ती महामार्ग व पुनर्विकासाच्या कामांनी तोडली जात होती. वरळीच्या तरुणांनी हे नाव निवडले ते तेथील लढाऊ बाण्यामुळे. दोन वस्त्यांच्या वाट्याला आलेल्या नगरनियोजनातील साम्याची चर्चा पुष्कळ नंतर सुरू झाली.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. दलितांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ पँथरने मतदानावर बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारी रोजी वरळीच्या चाळींलगत झालेल्या सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि दंगल भडकली. चाळींच्या गच्च्यांवरून दगड, सोडावॉटरच्या बाटल्या व पेटते बोळे फेकले जात. १० जानेवारीला निघालेल्या निषेध मोर्च्यावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता ठार झाला. संघर्ष थांबून थांबून कित्येक आठवडे चालू राहिला. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत झाले व भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे ह्यांचा आयोग नेमण्यात आला.

गिरण्यांनंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. हा संप कधीही अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीचे दार उघडले आणि २००१ च्या दुरुस्तीने मोकळ्या जागा व गृहनिर्माणासाठी द्यावयाचा वाटा प्रत्यक्षात आक्रसला. लोअर परळ व वरळीत कार्यालये, मॉल आणि काचेचे मनोरे उभे राहिले. चाळी जागच्या जागी होत्या, पण त्यांच्याभोवतीचे ज्या उद्योगाचे शहर होते तो उद्योग नाहीसा झाला होता. पुढील पिढीला घरकाम, सुरक्षारक्षकाची नोकरी, कुरिअर, रिक्षा-टॅक्सी ह्यांवर निभावावे लागले. वस्तीचे विस्थापन घर पाडण्यापासून सुरू होते असे मानण्याचा प्रघात आहे. येथे आधी रोजगार हलला आणि घरे पाडण्याची वेळ त्यानंतर पस्तीस वर्षांनी आली.

पुनर्विकास

चाळी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात होत्या. नव्वद वर्षांत सळ्या गंजल्या, छतांचे गिलावे कोसळू लागले. सामाईक शौचालये, पाण्याची ठरावीक वेळ आणि पावसाळ्यातील गळती ह्यांमुळे पुनर्विकासाची मागणी रहिवाशांकडूनच वारंवार होत होती. विशेषतः स्त्रियांसाठी स्वतःचे न्हाणीघर ही प्रतिष्ठेची बाब होती. चाळसंस्कृतीच्या आठवणींत रमणाऱ्या लेखनात ही बाजू अनेकदा निसटते.

राज्य सरकारने हे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे (म्हाडा) सोपविले. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. वरळीचे प्रत्यक्ष काम रेंगाळल्याने १ ऑगस्ट २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांच्या हस्ते तेथे पुन्हा शुभारंभ करण्यात आला. पात्र भाडेकरूस त्याच ठिकाणी ५०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकी हक्काने विनामूल्य मिळावयाचे आहे. त्याचा खर्च उर्वरित जमिनीवर बांधून खुल्या बाजारात विकावयाच्या मनोऱ्यांतून निघेल, अशी मांडणी आहे. सेवानिवृत्त पोलिसांच्या ताब्यातील खोल्यांचा प्रश्न निराळा होता, कारण त्या सेवानिवासस्थाने होत्या. त्यांच्यासाठी घराची किंमत आधी ५० लाख, मग २५ लाख आणि २०२२ मध्ये १५ लाख रुपये ठरविण्यात आली. बांधकामाच्या काळात रहिवाशांना संक्रमण शिबिरात जागा किंवा दरमहा भाडे देण्यात येते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतीतील नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या.

विस्थापनाचा प्रश्न

'शहर सुधारणे' ह्या नावाखाली वस्ती उठविण्याची उदाहरणे जगभर आहेत. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर अनेक शहरांतील कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्त्या 'ऱ्हास पावलेल्या' ठरवून पाडल्या गेल्या. डेट्रॉइटमधील ब्लॅक बॉटम ही वस्ती व तिला लागूनचा पॅराडाइज व्हॅली हा व्यापार-मनोरंजनाचा भाग महामार्ग आणि नव्या गृहसंकुलासाठी नष्ट झाला. पिट्सबर्गच्या लोअर हिल भागातून बंदिस्त क्रीडागृहासाठी सुमारे ८,००० माणसे हलविण्यात आली. तेथील दुकाने, चर्च व जॅझचे अड्डे पुन्हा एकत्र आले नाहीत. ह्या धोरणाचा खरा अर्थ कृष्णवर्णीयांना हटविणे हाच आहे, असे लेखक जेम्स बाल्डविन ह्यांनी १९६३ मध्ये बोलून दाखविले.

बी.डी.डी. चाळींची गोष्ट ह्याहून वेगळी आहे, आणि हा वेगळेपणा लहान नाही. येथे भाडेकरूला त्याच भूमीवर, तिपटीहून मोठे, मालकीचे घर मिळत आहे. प्लेगनंतरच्या नागपाड्यातील भाडेकरूशी किंवा पिट्सबर्गच्या रहिवाशाशी त्याची तुलना सरळ होऊ शकत नाही. आजच्या सौद्यात भाडेकरूचा आवाज चालतो, ह्याचे श्रेय बऱ्याच अंशी ह्या वस्तीतील संघटित चळवळींच्या परंपरेकडे जाते.

तरीही काही गोष्टी हिशेबाबाहेर राहतात. पात्रता भाडेपावतीवरील नावावरून ठरते. पोटभाडेकरू, गावकीच्या खोलीत झोपणारे आणि बोळात किंवा जिन्याखाली धंदा करणारे त्या नावात बसतातच असे नाही. नव्या इमारतीतील घराचा क्रमांक संगणकीय सोडतीने निश्चित होतो. एका बोळात समोरासमोर तीन पिढ्या राहिलेली कुटुंबे त्यामुळे निरनिराळ्या मजल्यांवर विखुरली जातात. सोडत निःपक्षपाती असते हे खरे, परंतु चाळीत म्हाताऱ्या माणसाच्या दाराशी दिवसभर येजा असे, ती उद्वाहकाच्या इमारतीत आपोआप होत नाही. उंच इमारतीचा देखभाल-खर्च हीही चिंता आहे. तो न पेलल्यास घर विकून बदलापूर-विरारकडे जाण्याची वाट मोकळी असते. गिरणी कामगारांना व झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळालेल्या अनेकांना हा अनुभव आला आहे. असे जाणे कोणत्याही नोंदीत विस्थापन म्हणून येत नाही. कागदावर ती खुशीची विक्री असते.

नावांच्या बाबतीतही वस्तीचा इतिहास मागे पडला. २०२२ मध्ये राज्य सरकारने पुनर्विकसित वसाहतींसाठी बाळासाहेब ठाकरे नगर (वरळी), शरद पवार नगर (नायगाव) आणि राजीव गांधी नगर (ना. म. जोशी मार्ग) ही नावे जाहीर केली. तिन्ही नावे राजकीय नेत्यांची आहेत. ज्या खात्याने चाळी बांधल्या त्याचे नाव त्या नगरांत उरत नाही, आणि ज्या चळवळी तेथे वाढल्या त्यांच्यातील कोणाचेही नाही.

वारसा म्हणून प्रत्येक ठिकाणची एखादी चाळ मूळ स्वरूपात राखून तेथे संग्रहालय करावे, अशी सूचना पुनर्विकासाच्या चर्चेत वेळोवेळी आली आहे. परळची बी.आय.टी. चाळ, तिच्या वरच्या मजल्यावरील बाबासाहेबांच्या दोन खोल्यांमुळे, अशा जतनाच्या मागणीचे सर्वांत ठळक उदाहरण ठरते. बी.डी.डी. चाळींत तसे एकच घर दाखविता येत नाही. तेथे जतन करण्याजोगे जे होते ते एका खोलीत मावणारे नव्हते. मैदान, बोळ, गच्ची, विहार आणि एकमेकांना लागून असलेल्या चाळींची रांग मिळून ते घडले होते.

शिवडीच्या १२ चाळी ह्या योजनेत समाविष्ट नाहीत. त्यांखालील जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीतील मुंबई बंदर प्राधिकरणाची असल्यामुळे राज्य सरकारला तेथे स्वतःच्या अधिकारात काम सुरू करता आले नाही. पाडापाडीच्या कक्षेबाहेर राहिलेल्या बी.डी.डी. चाळी एवढ्याच आहेत.